काचेचा नको

ग्विलिमला काचेचाच फिल्टर हवा होता:
आत पेट्रोल दिसतं, गंजाचे कण दिसतात,
टाकी किती म्हातारी झाली ते कळतं.

लोवरीने बॉनेट उचललं.
बासष्टची मॉरिस, एक्झॉस्ट अजून धगधगता,
आणि काच नेमकी त्याच्या डोक्यावर.
"ओवेनच्या गाडीतही सगळं दिसायचं," ती म्हणाली,
"बालाच्या चढावर तडा जाईपर्यंत.
मेंढ्यासुद्धा पांगल्या होत्या."

पत्र्याचा बसवला मग. मागे, टाकीजवळ, थंडाव्याला.
बाण पंपाकडे. नवी नळी, दोन क्लिपा,
लोवरीने पुन्हा पुन्हा ओढून पाहिलेल्या.

आता रोज सकाळी ग्विलिम
गाडीभोवती वाकून फिरतो, नाक पुढे करून.
दिसत तर काहीच नाही, कुरकुरतो.
वास नाही, एवढं मात्र कबूल करतो
आणि किल्ली फिरवतो.