नावाचा रकाना

नावाचा रकाना कोरा आहे.
लिंगाच्या रकान्यात 'मुलगी'.
एवढीच मी.

खिडकीतला पोरगा म्हणाला, मावशी,
हा दाखला कुणाचाही असू शकतो.
म्हटलं, कुणाचाही कसा बाळा,
डफरीन, दहा ऑगस्ट, पहाटे चार,
त्या वेळी तिथं मीच जन्मत होते.

तो हसला, मग हसू आवरून म्हणाला,
भारतात जन्मल्याचा पुरावा लागतो पासपोर्टला.
मी मागं वळून बघितलं.
पोस्टाच्या दारात एक रिक्षावाला
तेलुगूत भांडत होता, कानडीत सुट्टे मागत होता,
आणि मराठीत म्हणत होता, बसा की काकू.
हे काही झेरॉक्स करून देता येत नाही.

दाखल्यावर आई राजमणीची राजमनी झालीय,
बाप मल्लेशम, त्याचा महेश.
आडनाव येमूल, लिहिणाऱ्यानं यमूल लिहिलं,
एका मात्रेसाठी अख्खं घर
यमाच्या दारात नेऊन बसवलं.
घरात मी भूलक्ष्मी. शाळेत गुरुजी म्हणाले,
असलं कसलं नाव, भाग्यलक्ष्मी लिहू.
त्यांनी माझ्या नावातली जमीन काढून घेतली
आणि भाग्य दिलं. तेव्हा बरं वाटलं होतं.
आता आधारवर भाग्यलक्ष्मी अंबादास चिलवेरी,
आणि कोऱ्या रकान्यात ती मुलगी.
दोघींची ओळख पटवून देणारं
कुणी जिवंत आहे का, विचारतात.

आहे की. दत्त नगरात, खाटेवर.

इंद्रभुवनात तिसऱ्या खेपेला
रेकॉर्डवाल्या कमरुन्निसा मॅडमनी जुनं रजिस्टर काढलं.
डांबराच्या गोळ्यांचा वास, पानं पापडासारखी.
त्यांचं बोट खाली खाली सरकत गेलं
आणि थांबलं. हे बघा, म्हणाल्या,
खबर देणाऱ्याच्या सहीच्या जागी
अंगठा आहे. बाईचा दिसतो. लहान आहे.

अकराव्या दिवशीचा अंगठा.
ओली बाळंतीण, उन्हातान्हात इथवर चालत आलेली,
बारशाच्याही आधी.
देशासाठी नाही. माझ्यासाठीसुद्धा नाही.
कारखान्यात बाळंतपणाचे पैसे मिळायचे,
त्याला दाखला लागायचा, बस.
नाव नंतर घाला म्हणाला असेल कारकून,
ती म्हणाली असेल, पैशाला नाव लागतं का?
नाही लागलं.

हजार बिड्या वळल्या की त्यातल्या शंभरेक
चेकर छाट म्हणून बाजूला सारायचा.
पान चांगलं, तंबाखू चांगली, दोरा चांगला,
तोंड जरा वाकडं.
छाटीचे पैसे नाहीत, आणि बिड्याही परत नाहीत.
मी तिच्या सुपाजवळ बसून हे बघत मोठी झाले,
म्हणून खिडकीशी माझे हात कापले नाहीत.

आता नाव घालायला अर्ज केलाय.
भूलक्ष्मी घालता येणार नाही, मॅडम म्हणाल्या,
बाकी सगळीकडं भाग्यलक्ष्मी आहे,
जुळलं पाहिजे.
पन्नास वर्षांनी माझं बारसं
प्रतिज्ञापत्रावर, एका वकिलाच्या मांडीवर.
पेढे मी कमरुन्निसा मॅडमना दिले.
त्यांनी अर्धा खाल्ला, अर्धा ड्रॉवरमध्ये ठेवला.

स्रवंतीला नववा लागतोय दोहामध्ये.
रोज विचारते, अम्मा, आलं का?
तिथं जन्मणाऱ्याच्या कागदावर
गाव कुठलं लिहितील, कोण जाणे.
मी तिला सांगितलंय, काही लिहू देत,
नावाचा रकाना तेवढा
कोरा सोडू नको.

रात्री आईला नवा दाखला दाखवला.
ती अक्षरांवरून अंगठा फिरवत राहिली,
अजून पिवळा आहे नखाखाली.
मग हळूच म्हणाली,
ह्याचे आता किती देतात गं?