लीन

आकडा सतरा दशांश दोन. गाडी जागच्या जागी धडधडत उभी.
बाहेर उणे सत्तावीस, केमियार्वीचं तळं ताठ झोपलेलं,
आणि राइलीच्या शेडमध्ये
माझी एकोणनव्वद सालची व्होल्वो,
जिच्या पोटात मी एका भंगार ट्रकचा टर्बो बसवलाय.

"लीन दाखवतेय," मी म्हणालो, "पेट्रोल कमी पडतंय.
तीन आठवडे वाढवतोय.
चार टक्के, मग सहा, मग अकरा.
इंजेक्टर बदलले, पंप बदलला.
हटतच नाही."
आकडा लीन, मी उद्धट.

राइलीने हातमोजा काढला, मागे गेली,
धुराड्यापाशी वाकून नाक नेलं,
दूध नासलंय का बघतात तसं.

"डोळे चुरचुरले," ती म्हणाली.
"आकडा म्हणतो उपाशी,
वास म्हणतो अजीर्ण.
तू कुणाचं ऐकलंस?"

मी आकड्याचं ऐकलं होतं.
तो निळा होता, उजळ होता, दशांश चिन्हासकट होता.

तिने प्लग काढले.
चारही काजळीने माखलेले. एक तिने माझ्या तळहातावर ठेवला
आणि बाकीचं बोलणं पाना पुसत पुसत केलं:

"हा सेन्सर पेट्रोल बघत नाही. पेट्रोल त्याला ठाऊकच नाही.
एल्कच्या शिकारीनंतर गावजेवण असतं ना,
पंगत उठल्यावर पातेल्यात डोकावून
उरलेल्या रश्श्यावरून जो सांगतो, किती जेवले,
तसा हा.
उरलेला ऑक्सिजन मोजतो, बस.
कुणी बाहेरून तांब्याभर पाणी पातेल्यात ओतलं
तर याला कसं कळावं?
आणि कुणी न जेवताच उठलं, तरी रस्सा उरतोच."

मग मला आठवलं:
टर्बो फुगला की आकडा दहाच्या खाली कोसळायचा
आणि मी म्हणायचो, हा बिघडलाय.
तेवढ्याच वेळी तो खरं बोलत होता.

राइलीने डब्यातून धूर सोडला, नळीत फुंकला,
दिवा मालवला, टॉर्च धरली.
आम्ही वाट पाहिली.
तिसऱ्या सिलेंडरच्या खाली, पत्र्याच्या आडून
एक राखाडी दोरा वर आला,
सावकाश, घरचाच असल्यासारखा.

पत्रा काढायची गरज नव्हती. मला माहीत होतं.
तो बोल्ट मी ऑक्टोबरात तोडला होता,
रात्री, घाईत, ओस्मोला दाखवायची होती म्हणून.
आठातला एक. म्हटलं, सात आहेत की.
वर पत्रा चढवला.
मग तीन आठवडे चोर सोडून
एकेका संन्याशाला फाशी देत बसलो.

राइलीने माझ्याकडे पाहिलं. टॉर्च माझ्याकडे वळवली नाही.
एवढंच केलं तिने माझ्यासाठी.

तुटका तुकडा निघायला पहाट झाली.
तापवला, ठोकला, शिव्या घातल्या, फिनिशमध्ये त्या लांबलचक असतात.
नवा बोल्ट, नवी गॅस्केट.
चावी फिरवली.
वीस सेकंद सेन्सर काहीच बोलत नाही.
तापेपर्यंत गप्प राहतो, हे त्याचं मला आवडलं.

मग: बारा दशांश एक.
माझं सगळं वाढवलेलं पेट्रोल, निळ्या अक्षरांत.

"आता काढ," ती म्हणाली.
अकरा काढले. सहा काढले. शेवटचे चार
काढताना हात अडखळला, कबूल करतो,
तेच पहिले होते.

गोठलेल्या तळ्यावरच्या रस्त्याने परत निघालो.
लाकडी खुणांमधून तिसऱ्या गियरला टर्बो शिट्टी घालतो,
अकरा दशांश सहा,
पाय उचलला की आकडा वर उडतो, परत येतो,
साडेचौदा, चौदा नऊ, साडेचौदा,
ठरत नाही.
राइली म्हणाली होती, ठरू नये.

बिलावर फक्त बोल्ट लिहिलाय. एक.
जुना राखदाणीत टाकलाय मी;
खड्डा आला की वाजतो.