तीन दशांश

रात्री दहाला कमाटीबागेच्या फाटकाशी
नटुभाई स्कूटर सुरू करतो.
मी मागे. हातात एक काठी,
काठीच्या टोकाला पांढरी डबी,
डबीत पारा नाही, नुसते आकडे,
दर दहा सेकंदांनी बदलणारे.

बाग : एकोणतीस पूर्णांक आठ.
वडाखाली त्याहून थोडं कमी.
गावाला नाव यांच्यावरून पडलं म्हणतात,
आता उरलेत मोजके,
तेही कुंपणाआड.

काळ्या घोड्याच्या पुलावर जरासा वारा.
खाली विश्वामित्रीच्या चिखलात
मगर पसरली असेल,
तिला कळतं कुठे पसरावं.

रावपुऱ्यात शिरलो की हवा जाड होते.
दुकानं मिटलीत, शटरं तापलेलीच.
मांडवी : तेहतीस पूर्णांक चार.
दोन किलोमीटरांत साडेतीन अंशांच्या वर.
एवढा ताप माणसाला चढला असता
तर कुणीतरी रिक्षा बोलावली असती.

सर म्हणतात, दगडविटा दिवसा ऊन उसनं घेतात
आणि रात्री परत करतात.
कुणाला परत करतात
ते सर सांगत नाहीत.

मग अलकापुरी. झाडं, रुंद रस्ते,
आकडा शहाण्यासारखा उतरतो.
फक्त एका इमारतीच्या मागच्या गल्लीत
सहा एसी भिंतीवरून
आतली गरमी बाहेर फेकतात
आणि त्यांच्या बरोबर तोंडाशी
रमसिंग राठवाची खुर्ची,
चोरीला जाऊ नये म्हणून
साखळीने खांबाला बांधलेली.
इथली नोंद घ्यायची नाही, सरांची सूचना आहे,
सरासरी बिघडते.
रमसिंग विचारतो, केटलू?
मी दोन अंश कमी सांगते.
तो म्हणतो, तो सारू,
आणि रुमाल परत ओला करतो.

वाघोडिया रोडला पोचेपर्यंत बारा.
नवे प्लॉट, नवा डांबर, एक झाड नाही,
एका झाडाचं चित्र मात्र आहे,
बिल्डरच्या पाटीवर, वीस फुटी, हिरवंगार.
नटुभाई त्याच्या खाली स्कूटर लावून
पाणी पितो. सवय.

साडेबाराला तो मला दांडिया बाजारात सोडतो.
डबी उद्या परत करायची आहे.
तिसरा मजला, वर पत्रा.
आई ओली चादर अंगावर घेऊन
दाराच्या उंबऱ्यावर डोकं टेकून पडलेली,
तिथे म्हणे फटीतून येतं काहीतरी.
डबी मी कपाटावर ठेवते.
छत्तीस पूर्णांक दोन.
फॉर्मवर रकाने आहेत : रस्ता, पाणी, झाडी, बांधकाम.
मी पेन उघडते, तसंच ठेवते.

आई जागी होते. हे काय गं?
ताप बघायचं, मी म्हणते.
ती अर्धवट झोपेत डबी घेते,
सवयीने काखेत धरते,
डोळे मिटून मिनिटभर थांबते.

छत्तीस पूर्णांक पाच.

ताप नाही, ती म्हणते,
आणि कूस बदलते.