दुसरा टोला

लभडे सर म्हणाले, "पाय बुडतोय हो."
एवढंच. आणि चावीच्या नावाखाली जे कार्ड असतं ते
माझ्या हातावर ठेवून टपरीकडे गेले.
मग चहा अर्धा टाकून परत आले,
सांगायचं राहिलं होतं म्हणून:
रात्रभर गडावर चार्जिंगला लावली, शंभर टक्के,
सकाळी नांदुरीचा घाट उतरायला घेतला
तर गाडी स्वतःहून धरेचना.

भरल्या पोटी बॅटरी उताराचा घास घेत नाही,
हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.
एरवी वेग तीच गिळते,
ब्रेकच्या पायाला फारसं काम उरत नाही.
त्या दिवशी सगळा भार पायावर आला
आणि पायाखाली शेवाळ.
"मिसेस वणीपर्यंत बोलल्याच नाहीत," सर म्हणाले.

मी पेडल दाबलं. पहिल्यांदा खोल गेलं.
लगेच पुन्हा, तर जरा वर.
तिसऱ्यांदा पाहुण्यासमोर बसावं तसं ताठ.
धरून ठेवलं, घसरलं नाही.
ऑइल रेघेवर. चारही चाकं आतून कोरडी.
म्हणजे गळती नाही.
म्हणजे कुठेतरी हवा.

अण्णा द्राक्षाच्या खोक्याचा पुठ्ठा अंथरून आडवे झाले.
पुठ्ठ्यावर घड छापलेले, खाली "सांभाळून ठेवा".
सातपूरच्या प्रेसशॉपने सव्वीस वर्षं त्यांना पगार दिला,
निघताना फंड दिला,
कान मात्र ठेवून घेतले.
म्हणून आमच्या शेडमध्ये पान्याची भाषा.
रिमवर एक टोला: दाब.
दोन: सोड.
मधे जे काही असतं ते: धर.

टण्.
दाबते. धरते.
नळीतून बुडबुडे बाटलीत उतरतात,
ऑइल कोऱ्या चहासारखं काळपट.
टण् टण्.
मी दाबलं हे अण्णांना बोटांत कळतं,
मी काय पुटपुटते ते कळत नाही, बरंच आहे.

एक बाटली संपली. दुसरी अर्धी.
नळीत बुडबुडा नाही
आणि पाय तरी बुडतोच.
सरांनी मोबाइलवर जुनं बिल दाखवलं:
कॉलेज रोड, मागचे दोन्ही कॅलिपर नवे.
जुने गंजून जाम झाले होते,
वापराने नाही, वापर नसल्याने.

टण्.
दाबलं. धरलं.
पुढचे दोन टोले येईनात.
पोटरी थरथरायला लागली.
खाली वाकून पाहिलं तर अण्णा डोळे मिटून,
बोट चाकामागच्या अंधारात,
ताप बघावा तसं.

बाहेर आले. बोलले नाहीत.
माझा हात धरून आत नेला
आणि माझं बोट एका छोट्या टोपीवर टेकवलं.
निपल.
तळाला.

डावा उजवीकडे बसवला होता, उजवा डावीकडे.
बोल्ट नीट, वॉशर नीट, रंगसुद्धा नीट,
फक्त दार जमिनीकडे.
अण्णा मोठ्याने म्हणाले, त्यांना वाटतं हळू बोलतायत,
"हवा माळ्यावर बसलीय,
आपण तळघरातून हाका मारतोय."

अदलाबदल. निपल वर.
टण्.
एकच जाड बुडबुडा निघाला,
घसा साफ केल्यासारखा.
दुसऱ्या चाकाला तीन लहान.
पेडल दोन बोटं गेलं आणि थांबलं.
लाकडाला पाय लागावा तसं.

पाथर्डी फाट्यापर्यंत चालवून पाहिली.
अण्णा शेजारी, पट्टा लावून, शर्टाचं वरचं बटण लावून.
या गाड्यांना आवाज नाही म्हणून गिऱ्हाइकं कुरकुरतात,
अण्णांना सगळ्याच गाड्या अशा.
रस्ता मोकळा होता तिथे
त्यांनी बोटाच्या पेराने डॅशबोर्डवर मारलं.
एक.

दाबलं.
गाडी जागच्या जागी उभी.
अण्णा समोर बघत राहिले,
तोंडावर पगाराच्या दिवशीचं काहीतरी.
दुसरा टोला द्यायचं विसरले.
मागे टेम्पो, रिक्षा, दुधाची गाडी,
सगळे हॉर्नवर हात ठेवून.
मी धरून बसले.