तिसऱ्या अंकातलं पाणी

वहीत एवढंच आहे:
आई डावीकडून येते. घडा ठेवते.
म्हणते, "देश जन्मला रे!"
आणि जाते.

विंगेत, म्हणजे बाजरीच्या पोत्यांमागे,
बॅटरीच्या उजेडात मी वही धरून बसलेली.
प्रॉम्प्टर. दुसऱ्यांचे शब्द
वेळेवर पोचवायचे, की काम संपलं.

बोल्गातांगा. बंद पडलेल्या जिनिंगची शेड.
स्वातंत्र्यदिनाचं नाटक. पहिल्या खुर्चीत जिल्हाधिकारी,
त्यांच्या मागे शाळा, शाळेमागे बाजार,
आणि पार मागे, उभ्यानं, टोपल्या विणणाऱ्या बायका.

रंगमंचावर सात पुरुष देश उभारत होते.
(पुठ्ठ्याचं सिंहासन; एक पाय जरा लंगडा.)
आयिनपोका आली. घडा ठेवला.
"देश जन्मला रे," म्हणाली,
पण असं, जणू बाळंतपण तिनंच केलंय
आणि नाळ अजून कापायचीय.

मग जायचं, तर ती बसली.

"जा," मी कुजबुजले. "आता जायचं."
तिनं कमरेची गवताची पेंडी सोडली,
एक काडी दातांनी चिरली,
घड्यातलं पाणी शिंपडून मांडीवर वळली,
आणि बुडाची वीण घालायला घेतली.

राष्ट्रपती झालेल्या पोराला भाषण आठवेना.
आयाम्गा मास्तर पोत्यांआडून नुसते हात हलवत होते.

"हे गवत इथलं नाही," ती म्हणाली, कुणाकडेच न बघता.
"दक्षिणेतून येतं, ट्रकच्या टपावर, दोन दिवस.
त्यांची बोली मला कळत नाही.
गवत त्यांचं, हात आमचे, असा हिशेब
मांडत बसले असते, तर दाणे कशात नेले असते?
विहिरीवर कुऱ्हाडी निघाल्या
तेव्हा मधे कोण बसलं होतं?
अशीच. विणत."

मागे एक बाई हसली. कुणीतरी खोकलं.
जिल्हाधिकाऱ्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्या हातांकडे,
मग घड्याळ विसरले.

"टेनी," भर प्रयोगात ती माझ्याकडे वळली,
"पुढचं वाक्य काय गं?"

मी पान उलटलं. मास्तरांच्या सुबक अक्षरात: पडदा.
त्याखाली शेंगदाणा तेलाचा एक डाग.

"वहीत नाही," मी म्हणाले. मोठ्यानं.
त्या शेडमध्ये माझा आवाज
पहिल्यांदाच ऐकला मी.

"मग तू सांग."

दोरी धरून आबोंगो अजून उभा आहे.
टोपलीला बूड आलंय; कड यायचीय,
सुटलेल्या काड्या जाळावर धरायच्यात.
सातांतला एक जण सिंहासनाचा लंगडा पाय
हातानं धरून खाली बसलाय,
आणि घड्यातलं उरलेलं पाणी
आधी कुणाला द्यायचं,
ते मला विचारतायत.