यंदा कोणी नाही

एकोणीस वर्षं मी हे काम करतो.
वेल्सच्या या कोपऱ्यात, पेन्नांतच्या काव्यस्पर्धेत,
पहिल्या येणाऱ्याला पैसे नाहीत, शाल नाही,
खुर्ची मिळते. ओकची, पाठीवर साल कोरलेलं.
ती मी करतो. इद्वल, चॅपलमागचा सुतार.

कोणी विचारत नाही, म्हणून सांगतो:
दरवर्षी त्या खुर्चीत पहिला मी बसतो.
बसावंच लागतं. सांधे कुरकुरतात का,
कोपर नीट टेकतं का, बघावं लागतं.
रात्री, वर्कशॉपचं दार लावून,
पंधरा मिनिटं. मग उतरतो.
गेल्या वर्षी अर्धा तास झाला.

कविता मला रंध्याखाली सुचते.
सुचते म्हणजे काय, अडते.
पातं गाठीवर येतं, थबकतं,
त्या थबकण्यात एखादी ओळ हाती लागते
आणि कागद म्हणावा तर पॉलिशपेपरची पाठ.
तेग्वेनने एकदा एक अख्खी कविता
शिडीच्या पायरीवर घासून संपवली.
पायरी गुळगुळीत झाली, एवढं मात्र खरं.

फेब्रुवारीत मी पाकीट पाठवलं.
टोपणनाव 'आडवी गाठ'.
खरं नाव आतल्या पाकिटात, सरसाने चिकटवून,
कारण आमच्याकडे डिंक कधी नसतो.
पोस्टातली मॉर्वेन वास घेऊन म्हणाली,
"खुर्चीचं बिल का, इद्वल?"
मी हो म्हणालो.

आणि मार्चपासून माझा हात जरा लबाड झाला.
खुर्चीची पाठ माझ्या पाठीएवढी उतरली.
तिचा डावा हात दोन सूत खाली,
माझा डावा खांदा पडलाय तेवढाच.
मापं घेतली नव्हती, शपथ.

मग तो शनिवार. हॉलमध्ये ओल्या कोटांचा वास,
मागे कपबशांचा खडखडाट,
गेथिनचा पोरगा कर्णा घेऊन ओठ ओले करत उभा.
टोपणनाव पुकारलं की तो फुंकणार
आणि गर्दीतून एक माणूस उठणार.
मी बूट पुसून आलो होतो.
तेग्वेनने ते पाहिलं, बोलली नाही.

परीक्षक ऑल्वेन प्रॉसर यांनी चष्मा दोनदा पुसला.
सात कविता आल्या, म्हणाल्या.
एक पावसावर, तिला थेंब लागलेला नाही.
एक आईवर, वाचणाऱ्याच्या आधी स्वतःच रडून मोकळी.
"'आडवी गाठ' यांना लाकूड कळतं.
माणूस मात्र ते तासून तासून पातळ करतात.
चौथ्या कडव्यात बायको आहे,
तिला एक वाक्य तरी बोलू द्यायचं."
मग कागद मिटला.
"यंदा खुर्चीच्या योग्यतेचं कोणी नाही."

पोराने कर्णा उलटा धरून
आतली थुंकी रुमालाने टिपली.
गेथिन कानाशी आला, "वाईट वाटलं रे. एवढं काम."
मी म्हणालो, "लाकडाचं काय, टिकतं."

समितीत कोणाकडे जागा नाही.
खुर्ची माझ्याच गाडीत, ब्लँकेटात गुंडाळून,
वळणावळणाला तिचा पाय काचेवर ठक ठक.
दोन मैल आम्ही दोघं गप्प.
मग तेग्वेन म्हणाली,
"चौथ्या कडव्यात मी काय करतेय?"
"दारात उभी आहेस."
"किती वेळ?"
"कडवंभर."
"थंडीत?"

आता खुर्ची स्वयंपाकघरात असते.
दारातून येईना, म्हणून तिचा एक हात काढला.
डावा.
तेग्वेन तीत बसून वाटाणे सोलते.
पाठ तिला रुंद पडते, मागे उशी लागते.
मी समोर, शिडीच्या त्या पायरीवर.
मध्येच ती काहीतरी बोलते,
शेंगांतल्या किडीबद्दल, मॉर्वेनच्या गुडघ्याबद्दल,
आणि मी खिसे चाचपतो.
पॉलिशपेपर असतो. पेन्सिल कानामागे असते,
ती सगळ्यात शेवटी सापडते.
तोवर तिचं वाक्य
पुढे गेलेलं असतं.