कपाटाखालचं क्षेत्रफळ

किडरमिन्स्टरातल्या गालिच्यांच्या गिरण्या बंद पडल्या,
गालिचे विकणं तेवढं चालू आहे.
मी मापं घ्यायला जाते. टेप, पेन्सिल,
गुडघ्यांना बांधायच्या दोन गाद्या.

मिसेस पार्जिटरांची मागची खोली:
साडेचार गुणिले तीन पॉइंट सहा,
सोळा पॉइंट दोन.
खिडकीचा कोनाडा अधिक, एक पॉइंट दोन.
शेकोटीपुढची फरशी वजा, शून्य पॉइंट सहा.
राहिले सोळा पॉइंट आठ.

कॉम्प्युटर आहे ना, असं गॅरेथ म्हणतो.
मी नमुन्याच्या चिठ्ठीमागे मांडते,
मनात, मराठीत, ओठ न हलवता.
इस्लामपूरच्या तळेकर बाई
उत्तराला एक गुण द्यायच्या, रीतीला तीन,
एकक विसरलं की अर्धा कापायच्या.
"हातचा कुठाय?" असं विचारायच्या,
जसा काही मी तो दप्तरात घालून घरी नेणार होते.

मीटरला पंचवीस पौंड.
पंचवीस सोळे चारशे, वरच्या पॉइंट आठचे वीस.
पेन्शनरांना शेकडा दहा सूट, बेचाळीस गेले.
तीनशे अठ्ठ्याहत्तर. बसवणावळ साठ.
बेरजेची रेघ ओढत होते, तेवढ्यात त्या म्हणाल्या,
कपाट हलवायचं नाही.

अक्रोडाचं, दोन मीटर बाय साठ सेंटीमीटर.
हॅरल्डचं.
त्याच्याखाली कशाला गालिचा, तिथे कोण चालणार आहे?

आता शेवटच्या ओळीतून काहीतरी कापून
भागत नाही.
बसवणावळीच्या वर, सुटीच्या वर, भावाच्याही वर
पार पहिल्या ओळीपर्यंत चढावं लागतं.
कंचेभागुबेव. आधी कंस.
दाराच्या फटीत कोटाची बाही अडकली होती,
त्यांनी ती अंगठ्याने आत सारली
आणि दार पुन्हा नीट लावलं.

पंधरा पॉइंट सहा. तीनशे नव्वद.
एकोणचाळीस वजा. साठ अधिक.
चारशे अकरा, मी म्हटलं.
चहा घेणार का, त्या म्हणाल्या.

मंगळवारी रात्री नऊला फोन.
माझे हात कणकेत, फोन खांद्यात धरलेला.
"ते दोन बाय साठ," त्या म्हणाल्या,
"धरा परत. शनिवारी नेतायत."
कोण, कुठे, मी विचारलं नाही.
त्यांनीही लगेच ठेवला नाही.
पलीकडे टीव्हीवर हवामान चाललं होतं.

एक पॉइंट दोन, पंचविसाने तीस, सूट तीन.
सत्तावीस वाढवा, झालं. तोंडी होतं.
तरी हात धुऊन बसले
आणि साडेचार गुणिलेपासून सगळं पुन्हा केलं,
एकही पायरी न गाळता,
कपाट नसलेली खोली
भिंतीपासून भिंतीपर्यंत.

मग ताळा: चारशे अकरा अधिक सत्तावीस.
जुळला.
चारशे अडतीस लिहिलं,
आणि पुढे पेन्सिल जाईना.

अर्धा गुण कापा, बाई.